कान्हेरीचे अरण्य : विहारयात्रेकडून धम्मयात्रेकडे

भगवान बुद्धांच्या जीवनातील महत्त्वाच्या घटना वृक्षांच्या सान्निध्यात घडल्या. जन्म लुंबिनीच्या शालवनात, संबोधी उरुवेला येथे पिंपळाखाली, पहिले धम्मप्रवचन ऋषिपतनाच्या मृगदावात आणि महापरिनिर्वाण कुसिनारा येथील दोन शालवृक्षांच्या मध्ये. मगधराज बिंबिसाराने संघाला दिलेले पहिले मोठे दान म्हणजे राजगृहाजवळचे वेळुवन. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाने दिले ते जेतवन. पाली भाषेत 'आराम' म्हणजे उपवन. त्यावरूनच 'संघाराम' हा शब्द झाला. 'विहार' या शब्दाला आजही मराठीत दोन अर्थ आहेत. एक भिक्खूंचे निवासस्थान, आणि दुसरा मोकळ्या मनाने केलेला संचार. वनविहार, जलविहार हे शब्द आपण याच दुसऱ्या अर्थाने वापरतो.

आश्रमशाळा आणि वसतिगृहे यांच्या वार्षिक कार्यक्रमात सहलीचा दिवस ठरलेला असतो. विद्यार्थी त्याची महिनोन् महिने वाट पाहतात. पालकही सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांसह वनात, डोंगरात, लेण्यांवर जातात. या जाण्याचा अर्थ काय, आणि ते कसे असावे, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात आम्ही एका सार्वजनिक वनाच्या आधारे या प्रश्नाचा अभ्यास मांडत आहोत. ते वन म्हणजे मुंबईच्या उत्तरेस असलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आणि त्याच्या मध्यभागी असलेली कान्हेरीची लेणी.

१. वन आणि लेणी

बोरिवली रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस थोडे चालले की उद्यानाचे प्रवेशद्वार लागते. सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे हे अरण्य मुंबई आणि ठाणे या दोन महानगरांच्या मध्ये उभे आहे. पूर्वी त्याचा एक भाग कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखला जात असे. पुढे क्षेत्र वाढत गेले, 'बोरिवली राष्ट्रीय उद्यान' हे नाव आले आणि त्यानंतर सध्याचे नाव रूढ झाले. 'कृष्णगिरी' आणि 'कान्हेरी' हे मुळात एकच नाव आहे. प्राचीन शिलालेखांत त्याचे प्राकृत रूप 'कण्हगिरी', म्हणजे काळा डोंगर, असे आढळते.

उद्यानाची व्यवस्था महाराष्ट्र शासनाच्या वनविभागाकडे आहे, तर लेण्यांचे संरक्षण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. प्रवेशद्वारापासून लेणी सुमारे सहा किलोमीटर आत आहेत. वाटेत साग, ऐन, कदंब, खैर, पळस, सावर हे वृक्ष दिसतात. चितळ, सांबर, वानर, भेकर, अनेक जातींचे पक्षी आणि फुलपाखरे येथे नांदतात. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेले निलवंतही येथे आढळते. रात्री या वाटांवर बिबट्यांचा संचार असतो.

येथील कारवी विशेष उल्लेखनीय आहे. हे झुडूप आठ वर्षांतून एकदाच फुलते. या अरण्यात २००८, २०१६ आणि २०२४ साली कारवीला बहर आला. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस डोंगरउतार जांभळे होतात. त्यानंतर बी धरून ती झाडे मरतात आणि पुढच्या पिढीची रोपे वाढू लागतात. पाचवीपासून दहावीपर्यंत एखाद्या शाळेत राहिलेल्या विद्यार्थ्याला तो बहर फार तर एकदाच पाहता येईल. अनित्यतेचा पाठ यापेक्षा सोप्या रीतीने शिकविणे कठीण आहे.

कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास येथे खोदकाम सुरू झाले आणि सुमारे एक हजार वर्षे हे स्थान नांदते राहिले. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातील आहे. त्याच्या ओसरीच्या दोन्ही टोकांना बुद्धाच्या भव्य उभ्या मूर्ती आहेत. अकराव्या क्रमांकाच्या लेण्यात दगडात कोरलेली दोन लांब आसने समोरासमोर आहेत. वेरूळच्या पाचव्या लेण्यातही अशीच रचना आढळते.

येथील ब्राह्मी शिलालेखांत दात्यांची नावे आहेत. कल्याण, सोपारा, नाशिक अशा गावांचे व्यापारी, सोनार, गृहस्थ, उपासिका आणि भिक्खुणी या सर्वांनी आपापल्या शक्तीप्रमाणे दान केले. कल्याणच्या एका लोहाराने दिलेले दान वनात चालणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे: त्याने पायवाट दिली. कोणी चैत्य दिला, कोणी राहण्याची कोठडी दिली. श्रम करणाऱ्या त्या माणसाने येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांचा विचार केला. आजही उद्यानातील उत्तम सोय कोणती असे विचारले, तर चांगली राखलेली पायवाट हेच उत्तर द्यावे लागेल.

२. खडकात साठवलेले पाणी

साष्टी बेटावर पाऊस भरपूर पडतो, परंतु तो चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने डोंगरावर शेकडो भिक्खूंनी पाणी कोठून आणावे? कान्हेरीच्या शिल्पकारांनी या प्रश्नाचे उत्तर खडकातच शोधले. बहुतेक लेण्यांच्या दाराशी पाण्याची टाकी कोरलेली आहेत. डोंगरमाथ्यावरून येणारे पावसाचे पाणी लहान लहान पन्हळींतून टाक्यांत उतरविलेले आहे. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने संघासह अशी एक पोढी दान केल्याचा लेख येथे आहे.

ही व्यवस्था चालत राहिली, कारण भोवताली अरण्य होते. झाडांची मुळे माती धरून ठेवतात आणि पालापाचोळा पावसाचे पाणी जिरवतो. उतार उघडे पडले, तर पहिल्याच पावसात पाण्याबरोबर माती वाहून येते आणि पन्हळी व टाकी गाळाने भरतात. याच तत्त्वावर पुढे आधुनिक मुंबईचा पाणीपुरवठा सुरू झाला. १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी हे तलाव या अरण्यात पूर्ण झाले. आज मुंबईची तहान प्रामुख्याने दूरच्या धरणांतून भागते. परंतु या दोन तलावांचे पाणी अजूनही शहराला मिळते. मिठी, दहिसर, पोयसर या नद्याही याच डोंगरांत उगम पावतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीच्या काठच्या वस्त्या बुडाल्या. नदीचा उगम आणि तिचे काठ ही एकाच देहाची अंगे आहेत, हे त्या दिवशी शहराला उमगले.

कान्हेरीच्या लेखांत 'अक्षयनीवी' हा शब्द येतो. अक्षयनीवी म्हणजे कायम ठेव. दाता मूळ रक्कम ठेवी आणि तिच्या व्याजातून भिक्खूंची वस्त्रे व इतर गरजा भागत. नवव्या शतकातील, शिलाहार राजांच्या काळच्या लेखांत तर लेण्यांची दुरुस्ती, भिक्खूंची वस्त्रे आणि ग्रंथ यांसाठी दिलेल्या देणग्यांची नोंद आहे. निवासी विद्यालयाच्या वाचकांना या यादीतील ग्रंथांचा उल्लेख निश्चितच आनंद देईल. अक्षयनीवीचा नियम एकच होता: व्याज वापरावे, मुद्दल मोडू नये. वनालाही तोच नियम लागू आहे. सावली, शुद्ध हवा, पाणी, निवांतपणा हे वनाचे व्याज होय. ते कितीही जणांनी घ्यावे. वृक्ष, माती, प्राणी आणि लेणी हे मुद्दल आहे.

३. सोपाऱ्याचा लेख

कान्हेरीच्या उत्तरेस, वसईच्या खाडीपलीकडे सोपारा आहे. प्राचीन काळी ते मोठे बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. त्याच सुमारास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सोपाऱ्यात मिळाला. चौदा शिलालेखांपैकी नेमका हाच लेख आपल्या विषयाशी संबंधित आहे, कारण त्याचा विषय प्रवास आणि मनोरंजन हा आहे.

त्या लेखाचा आशय असा. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. त्या यात्रांत शिकार असे आणि तशाच प्रकारच्या इतर करमणुकी असत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीस्थानी गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. धम्मयात्रेत श्रमण आणि ब्राह्मण यांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना साहाय्य, ग्रामीण जनांची भेट, त्यांच्याशी धम्मविषयक बोलणे आणि विचारणा, असे कार्यक्रम असत. यातून राजाला अधिक आनंद मिळतो, असे लेखाच्या शेवटी सांगितले आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. अशोकाने यात्रा बंद केली नाही. घराबाहेर पडणे, रानावनातून जाणे, नवी माणसे पाहणे ही मनुष्याची गरज त्याने मान्य केली. दुसरी गोष्ट, त्याने आनंदालाही दोष दिला नाही; उलट नव्या यात्रेत आनंद वाढला अशी ग्वाही दिली. बदलला तो यात्रेचा हेतू. पूर्वी वनातील जीव हे करमणुकीचे साधन होते. आता भेटणारी प्रत्येक व्यक्ती आणि प्रत्येक जीव आदराचा विषय झाला.

आजची सहल यांपैकी कोणत्या यात्रेत मोडते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. धनुष्यबाण घेऊन कोणी जात नाही. परंतु ध्वनिवर्धकावर गाणी लावून पक्ष्यांना पळवून लावणे, माकडांना खाद्य दाखवून खेळविणे, उरलेले अन्न झुडपात टाकणे, लेण्यांच्या भिंतीवर नाव खरडणे, ही विहारयात्रेचीच आधुनिक रूपे आहेत.

नाव कोरण्याबद्दल एक ऐतिहासिक नोंद येथे करावी लागेल. कान्हेरीच्या नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी प्रवाशांनी ते कोरले. परधर्मीय लोकही त्या काळी हे स्थान पाहण्यास येत होते, याचा तो मोलाचा पुरावा आहे. परंतु म्हणून आज कोणी तसे करावे असे मुळीच नाही. संरक्षित स्मारकाला इजा करणे हा कायद्याने गुन्हा आहे. आपले नाव मागे राहावे अशी इच्छा असेल, तर त्या लोहाराप्रमाणे एखादी पायवाट नीट करावी.

४. 'सार्वजनिक' या शब्दाचे मोल

वनविभागाची वने, राष्ट्रीय उद्याने, तलाव ही सार्वजनिक संपत्ती आहे, असे आपण सहज म्हणतो. आपल्या समाजाला हा शब्द सहज मिळालेला नाही. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा ठराव १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडला आणि तो संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरी प्रत्यक्षात पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते तळे सार्वजनिक आहे की खासगी, हा वाद पुढे न्यायालयात गेला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. एका तळ्याचे सार्वजनिकत्व सिद्ध होण्यास सत्याग्रहानंतर दहा वर्षे लागली.

तोच अनुभव संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात अधिकार म्हणून उतरला. राज्याच्या पैशाने राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांच्या उपयोगात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही अडविता येणार नाही. वनातील बाकावर बसणारी गृहिणी, पहाटे चालायला येणारा निवृत्त कामगार, एका खोलीच्या घरातून मोकळ्या हवेत आलेली पाच-सहा मुले, हे सर्व त्या अधिकाराचे धनी आहेत. गिरण्या, रेल्वे, गोदी आणि सफाईची कामे करून ज्यांनी मुंबई उभी केली, त्यांच्या कुटुंबांना विसाव्याचा हक्क आहे. म्हणून सहलीला कमी लेखणे आम्हांस मान्य नाही.

संविधानाने हक्काच्या जोडीला कर्तव्यही दिले आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१-क समाविष्ट झाला. वने, सरोवरे, नद्या आणि वन्यजीव यांचे रक्षण करणे व प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे, हे त्यानुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. तळ्यावर हक्क मिळविणाऱ्यांनी ते तळे स्वच्छ ठेवण्यातही पुढे असावे, हे ओघानेच आले.

या ठिकाणी एक अवघड प्रश्न टाळता येत नाही. १९९७ साली उच्च न्यायालयाने या उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला आणि हजारो झोपडीवासी कुटुंबांना वन सोडावे लागले. वारली आदिवासींचे पाडे तर उद्यान होण्यापूर्वीपासून येथे आहेत. वन सर्वांचे आहे असे म्हणताना ही माणसे त्या 'सर्वां'मध्ये येतात की नाही? वन तुटले, तर शहराचे पाणी आणि हवा धोक्यात येते, हे सत्य आहे. निवारा नसलेल्या माणसाला शहराने घर दिले नाही, तर तो कोठेतरी आसरा शोधणारच, हेही सत्य आहे. करुणेला यांपैकी एकही सत्य विसरता येत नाही. पुनर्वसन झाल्यावाचून केलेले संरक्षण अपुरे राहते, आणि वनावाचून पुनर्वसित वस्तीलाही पाणी मिळत नाही.

अशोकाच्या धम्मयात्रेत ग्रामीण जनांची भेट हा एक मुख्य भाग होता. कान्हेरीच्या वाटेवर काकड्या, बोरे, करवंदे विकणाऱ्या आदिवासी स्त्रिया भेटतात. त्यांच्याकडून रानमेवा घ्यावा, घासाघीस करू नये आणि दोन शब्द बोलावेत. कारवीच्या काठ्यांनी विणून शेणमातीने लिंपलेल्या भिंती, वाघोबाची पूजा, ऋतूप्रमाणे मिळणाऱ्या रानभाज्या, यांविषयीचे त्यांचे ज्ञान पुस्तकांत सहसा सापडत नाही. बिबट्याच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांकडून सहजीवन शिकावे.

५. वनातील वर्तन

विनयपिटकात वर्षावासाचे कारण सांगितले आहे. भिक्खू पावसाळ्यात चारिका करताना हिरवे गवत तुडवितात, लहान जीव त्यांच्या पायाखाली मरतात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा तथागतांनी पावसाळ्यात एके ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. अकारण झाडझुडूप तोडणे हाही भिक्खूंसाठी दोष मानला गेला. लोकांची तक्रार ऐकून संघाने आपले चालणे बदलले, ही गोष्ट सहलीला जाणाऱ्या प्रत्येक समूहाने ध्यानात ठेवावी.

त्या दृष्टीने काही साधे नियम आम्ही सुचवितो.

आखलेल्या पायवाटेवरूनच चालावे. वाट सोडून चालल्याने रोपे तुडविली जातात आणि माती मोकळी होते. काही पायवाटांसाठी वनविभागाची परवानगी आणि वाटाड्या आवश्यक असतो. ती व्यवस्था आधी करावी. सोमवारी उद्यान बंद असते, हेही लक्षात ठेवावे.

डबा स्टीलचा असावा, पाण्याची बाटली घरची असावी आणि नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी. अन्नाचा कचरा पडला की भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीजवळ येतो. आपण टाकलेल्या उष्ट्याची किंमत वनाच्या कडेला राहणाऱ्या एखाद्या गरीब घराला मोजावी लागू शकते. माकडांना खाऊ घालणे हे दान नव्हे. त्यामुळे ती माणसाच्या पिशवीवर जगू लागतात आणि पुढे हिंस्र ठरवून पकडली जातात.

आवाज कमी ठेवावा. चैत्यगृहात वंदना घ्यावी. तेथील दगडी कमानीत मंद स्वरही दूरवर घुमतो, ध्वनिवर्धकाची गरज भासत नाही. मेणबत्ती व अगरबत्ती प्राचीन दगडाजवळ पेटवू नये, कारण काजळी बसते. फुले वाहायची इच्छा असेल, तर ती झाडावरच राहू द्यावीत आणि त्यांच्याकडे पाहून वंदन करावे.

६. सहलीपूर्वी, सहलीत आणि नंतर

शिक्षकांनी सहलीच्या आठवडाभर आधी वर्गात साष्टी बेटाचा नकाशा काढून घ्यावा. त्यावर कल्याण, सोपारा, कान्हेरी, विहार आणि तुळशी दाखवावेत. ब्राह्मीची आठ-दहा अक्षरे शिकवावीत. भिंतीवरचे एखादे अक्षर ओळखता आले, तर विद्यार्थ्याचा चेहरा उजळतो. प्रत्यक्ष सहलीत मुलांचे लहान गट करावेत. एका गटाने पाण्याचा मार्ग शोधावा: पन्हळ कोठून येते, कोणत्या टाक्यात उतरते, टाके भरल्यावर पाणी कोठे जाते. दुसऱ्या गटाने वृक्षांची मराठी नावे लिहावीत. तिसऱ्याने अर्धा तास एका जागी शांत बसून ऐकू येणाऱ्या आवाजांची नोंद करावी. हा तिसरा अभ्यास दिसायला सोपा असला, तरी आनापानसतीच्या अभ्यासासाठी मुलांची उत्तम तयारी करून घेणारा आहे.

परत आल्यावर सहलीचा निबंध लिहून घेण्याची प्रथा आहे. ती चालू राहावी. तिच्या जोडीला प्रत्येक वर्गाने विद्यालयाच्या आवारात अथवा गावाच्या गायरानात काही झाडे लावून ती तीन उन्हाळे जगवावीत. उद्याने आणि वने लावणाऱ्यांचे, पाणपोया व विहिरी बांधणाऱ्यांचे पुण्य रात्रंदिवस वाढत राहते, असा उपदेश संयुत्त निकायातील वनरोप सुत्तात आहे. सहलीत वनाने दिलेले व्याज अशा रीतीने थोडेसे मुद्दलात परत जमा होते.

समारोप

कान्हेरीच्या लेण्यांतील शेवटचा भिक्खू निघून गेल्याला अनेक शतके झाली. तरीही पावसाळ्यात तेथील टाकी आजही भरतात. ज्या सोनाराने आणि ज्या लोहाराने दान दिले, त्यांना आपले पाणी कोण पिईल, आपल्या वाटेने कोण चालेल, हे ठाऊक नव्हते. येणारा कोणत्या कुळाचा असेल, असे त्यांनी विचारले नाही. सार्वजनिक संपत्तीची कल्पना याहून वेगळी ती काय असते?

माजी विद्यार्थी आज नोकरीव्यवसायानिमित्त दूरदूरच्या शहरांत राहतात. प्रत्येक शहराजवळ एखादे वन, एखादे तळे, एखादी टेकडी असते. तेथे मुलाबाळांसह अवश्य जावे, मनमुराद हिंडावे, विसावा घ्यावा. तो आपला हक्क आहे. निघताना मात्र एकदा मागे वळून पाहावे. आपण बसलो होतो ती जागा पुढच्या कुटुंबासाठी होती तशीच, किंवा थोडी अधिक स्वच्छ, राहिली असेल, तर आपली विहारयात्रा धम्मयात्रा झाली असे समजावे.